पंचांचं पडणं

फुटबॉलचे निवृत्त पंच बायकोचा हात धरून दवाखान्याच्या पायऱ्या चढत होते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पेशंटला न शोभणारं समाधान होतं. उभ्या संसारात ही बाई रस्त्यानं त्यांच्या चार पावलं पुढेच चालली. मग कंपवात आला, तोल जायला लागला आणि तिनं त्यांचा हात धरला. आजाराचे एवढे एकच उपकार, पण पंच ते विसरले नव्हते.

घोटाळा केला तो चुंबकानं. डॉक्टरीणबाईंनी डोक्याजवळ यंत्र धरून चुंबकाचे टकटक ठोके द्यायला सुरुवात केली आणि दारात खिळून राहणारे पाय हळूहळू सुटे झाले. पंचांनी ओळखलं: गुण आल्याचं कळलं, की हात गेला! म्हणून घरात कुणी नसताना ते ताठ चालायचे आणि बायकोची चाहूल लागली की डुगडुगायचे.

आज तोलाची परीक्षा होती. डॉक्टरीणबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या.

"मी खांदे मागे ओढणार. तुम्ही फक्त तोल सांभाळायचा. घाबरू नका, पकडायला मी आहे."

त्यांनी जेमतेम हात लावला असेल. पंच "आई गं!" म्हणून जे कोसळले, ते डॉक्टरीणबाईंना घेऊन, आणि त्या शेजारच्या स्टुलाला घेऊन. खोटं पडणाऱ्या खेळाडूंना जन्मभर कार्ड दाखवलेला हा माणूस गुडघा धरून विव्हळू लागला. ओढले होते खांदे.

"तोल अजिबातच नाही," डॉक्टरीणबाई जमिनीवर चष्मा चाचपत म्हणाल्या. "काकू, यापुढे यांचा हात धरायचा नाही. तुम्हालाही घेऊन पडतील. उद्यापासून वॉकर."

"वॉकर?" पंच ताडकन उठले. "अहो, कशाला वॉकर? हे बघा!"

त्यांनी खोलीला झपझप फेरी मारली, गर्रकन वळले आणि वर एका पायावर उभं राहून दाखवलं. दुसरा पाय खाली टेकताना मात्र आपण काय करून बसलो ते त्यांना उमगलं.

"अरे वा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग तर हात धरायची गरजच नाही."

पंचांचं तोंड एवढंसं झालं. बायकोनं शांतपणे पर्स खांद्याला लावली आणि त्यांचं मनगट गच्च पकडलं.

"पाय सुधारलेत हो, डॉक्टर," ती म्हणाली, "पण माणूस होता तसाच लबाड आहे. यांना मोकळं सोडून कसं चालेल?"