शिराळ्याच्या डोंगरावरील एका चुलीची मोहीम

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवोन, कृष्णामाईचे उदक डोळां लावोन, आणि ज्यांच्या पेढीवरील हळदीने निम्मी सांगली पिवळी जाहली त्या श्रीमंत अण्णासाहेब आडत्ये यांची आज्ञा शिरी वंदोन ही हकीकत लिहिली असे. शके अठराशे अडुसष्ट, व्ययनाम संवत्सरी, पौषमासी, जर्मन आणि जपानी जेर होऊन दुनियेत सुलूख जाहला असता हळदपेठेत जे महत्कर्म घडले, ते पुढील पिढ्यांस ठाऊक असावे इतकाच हेतू. लिहिणाराने पदरचे काही घातले असल्यास वाचणाराने हळदीच्या पोत्याप्रमाणे चाळणी लावोन घ्यावे.

त्याचे कारण ऐसे जाहले. अण्णासाहेबांनी पुण्याचे वर्तमानपत्र वाचिले, त्यात मजकूर की, गोरे लोक आपले अंमलदार कचेरीत निवडीत नाहीत, रानात नेऊन उपाशी ठेवितात, आणि तेथे जो टिकेल व इतरांस एकत्र टिकवील त्यास सरदारी देतात. अण्णासाहेब बहुत संतोष पावले, कारण यात उपास होता आणि खर्च नव्हता. त्याच सुमारास इस्लामपुरी पेढीचे नवे ठाणे घालण्याची मसलत चालली होती, आणि तेथील मुखत्यारीवर तिघा कारकुनांचा डोळा होता. मग फर्मान सुटले की, तिघांनी शिराळ्याच्या डोंगरी मुक्काम करावा, एकदिलाने राहावे, आणि जो सर्वांस एक करील त्यास इस्लामपूर बहाल.

तिघांत पहिले आमचे चिंतामणपंत सोमण. पंत सांगलीच्या गावभागात वडील बंधू दादासाहेबांचे घरी राहत, आणि त्या घरी दादासाहेबांचा दरारा दिल्लीच्या तख्तासारखा व वहिनीसाहेबांचा त्याहून एक बोट अधिक. पंतांचे कुटुंब गोदावरीबाई, लग्न होऊन आल्यापासून त्या स्वयंपाकघरात हुकुमाच्या ताबेदार होत्या, आमटीत मीठ किती हेदेखील जाऊबाईंस विचारोन घालीत. इस्लामपूर म्हणजे स्वतंत्र बिऱ्हाड. निघते समयी त्यांनी पंतांस दाराआड एकच गोष्ट सांगितली, "मला दागिना नको, पातळ नको. माझं म्हणून एक स्वयंपाकघर तेवढं आणा." पंतांनी मान हलविली आणि मोहिमेस कूच केले.

दुसरे मानकरी सिद्धाप्पा, मिरजेकडील लिंगायत, लिंगपूजेखेरीज घोट न घेणारे आणि ब्राह्मणाच्या हातचा तर मुळीच न घेणारे. तिसरे भाऊसो, जैनांतील मातब्बर, कांदा-लसणीचे हाडवैरी, दिवस मावळताच मुखास कुलूप घालणारे. पेढीवर या तिघांचे सख्य दृष्ट लागण्याजोगे होते, कारण दुपारी तिघेही आपापल्या घरी जेवावयास जात.

मोहिमेचे सरलष्कर म्हणोन सुभेदार सयाजीराव नेमिले. हे शिराळ्याचेच, ब्रह्मदेशच्या रानात लढोन आलेले, गळ्यात शिट्टी, मिशांस पीळ. डेरा, डेग, दोरखंड आणि सर्व रसद डोंगरावर चढविण्यास खालच्या महारवाड्यातील अर्जुना यास घेतले. पायथ्याशी सुभेदारांनी फौजेची गणती केली ती स्वतःस धरोन चार भरली. अर्जुना ओझ्याखाली उभा होता, परंतु तो कोणाच्या गणतीत आला नाही.

पहिली लढाई विश्वासाची. एकाने दगडावर उभे राहोन डोळे मिटोन मागे पडावे आणि बाकीच्यांनी त्यास झेलावे, येणेप्रमाणे पल्टणीत एकमेकांवर भरवसा बसतो असे सुभेदारांनी सांगितले. पंत नुकतेच ओढ्यात स्नान करोन, रेशमी मुकटा नेसोन संध्या आटोपून आले होते. ते दगडावर चढले आणि श्रीगजाननाचे नाव घेऊन मागे कलंडले. सिद्धाप्पा आणि भाऊसो या उभयतांनी ऐन समयी मोठ्या अदबीने दोन पावले बाजूस होऊन वाट दिली. पंत करवंदीच्या जाळीत पाठीवर उतरले. सुभेदारांनी जाब पुसता दोघांनी अर्ज केला की, पंत सोवळ्यात आहेत, शिवावे कैसे. पंतांनी काटे उपटीत दोघांचे आभार मानिले, कारण ऐसा विचार परक्याने केला नसता.

मग मुख्य रणसंग्राम. सुभेदारांनी एक डेग, एक काडेपेटी आणि तांदूळ-डाळीचे गाठोडे पुढे ठेवोन फर्माविले, "पल्टनीच्या लंगरात चूल एकच असती. दिस मावळायच्या आत खिचडी शिजली पायजे, आन् समद्यांनी एकाच डेगीतनं खाल्ली पायजे. जो ह्ये घडवील त्योच म्होरक्या." इतके बोलोन सुभेदार उंच खडकावर जाऊन बसले.

तिन्ही सरदारांनी हुकूम शिरसावंद्य मानिला आणि तीन दिशांस तीन चुली मांडिल्या. काड्यांची वाटणी भावकीतील जमिनीप्रमाणे जाहली. पठारावर वारा माजला होता. एकाची काडी विझे आणि दुसऱ्यास मनातून आनंद होई, मग दुसऱ्याची विझे. अखेर एकच काडी उरली, तेव्हा तहाची बोलणी लागली. पंतांनी कलम मांडिले की, ब्राह्मणाचे हातचे सर्वांस चालते, सबब मी शिजवितो. सिद्धाप्पांनी उत्तर दिले की, सर्वांत आम्ही येत नाही, सबब मी शिजवितो. भाऊसोंचे म्हणणे पडले की, शिजवो कोणीही, पाणी गाळोन घ्यावे, आणि गाळावयाचे फडके आमचेच असावे. मग फडक्यावरून पुनः बोलणी फिसकटली. भाऊसोंनी सूर्याकडे पाहोन घाई चालविली, सिद्धाप्पांनी गुरूंचा शब्द काढिला, पंतांनी शास्त्र काढिले, आणि इतक्यात मागील झाडीतून वानरांची फौज उतरली व तिने तांदूळ, डाळ, गूळ सर्व लुटोन नेले. त्या फौजेत चुलीचा तंटा नव्हता. सुभेदार तेसमयी जपान्याची वाट कैसी पाहत होतो ते आठवीत डोळे मिटोन बसले होते, म्हणोन त्यांच्या कुटुंबाने, अंबूबाईंनी, बांधोन दिलेली शिदोरीही गेली, परंतु हे त्यांनी तिघा कारकुनांस कळू दिले नाही.

आता भूक हा गनीम ऐसा की त्यास तह मान्य नाही. दिवस कलता कलता सिद्धाप्पा रानास जाऊन येतो सांगोन उठले आणि आडवाटेने सुभेदारांच्या डेऱ्यात शिरले. सुभेदारांनी इकडे तिकडे पाहोन त्यांच्या हाती भाकरी आणि खर्डा दिला, अंबूबाईंच्या हातची म्हणोन सांगितले, आणि ही गोष्ट बाहेर जाणार नाही ऐसे वचन दिले. त्यांच्यामागून भाऊसो गेले. खर्ड्यात लसूण होती हे त्यांच्या नाकास कळले, पण त्यांनी नाकाची साक्ष ग्राह्य धरिली नाही. तिसरे पंत गेले. जाण्यापूर्वी मुकटा उतरवोन धोतर नेसले, म्हणजे जो अनाचार व्हावयाचा तो साध्या वस्त्रात व्हावा.

पंत अर्धी भाकरी खाऊन उरलेली सदऱ्याखाली लपवोन पाणी प्यावयास ओढ्याशी उतरले. तेथे अर्जुना बसला होता. तो रिकामे फडके झटकून पोटाशी घट्ट बांधीत होता. पंतांनी सहज पुसिले की, जेवण जाहले काय. अर्जुना मान खाली घालोन बोलिला, "माज्या कारभारनीनं, साळूनं, भाकऱ्या दिल्या व्हत्या जी. सुभेदारांची शिदोरी गेली म्हनून त्यांनी मागून न्हेल्या. न्हाई कसं म्हनू म्या?"

पंतांस लाज वाटली. ही लाज खरी होती, म्हणोन येथे शब्दांचा साज चढवीत नाही. त्या माणसाने सगळी मोहीम डोक्यावरून डोंगरावर आणिली, आणि चौघांनी त्याच्याच तोंडचे खाऊन ढेकर देण्याची तयारी केली होती. पंतांनी सदऱ्याखालची भाकरी काढिली. अर्जुना मागे सरला. पंत म्हणाले, उरली आहे ती तुझीच, पण मलाही भूक आहे, बस. मग दोघेही एकाच दगडावर बसोन खाते जाहले. साऱ्या मोहिमेत पंगत म्हणावी ऐसी ती एवढीच बसली.

दुसरे दिवशी प्रातःकाळी अण्णासाहेबांची स्वारी भाड्याच्या मोटारीतून पायथ्याशी दाखल जाहली. समागमे त्यांचे मेहुणे होते. सुभेदारांनी सलाम ठोकून वर्दी दिली की फत्ते जाहली, सर्वांनी एकाच घरचे अन्न एकदिलाने भक्षिले, आणि हे पंतांनी घडविले. पंतांचेच नाव घेण्याचे कारण की, पंतांनी ओढ्याकाठी काय पाहिले ते सुभेदारांनी वरून पाहिले होते. पंतांनी फक्त गप्प राहावयाचे होते. इस्लामपूर हातात आले होते, गोदावरीबाईंचे स्वयंपाकघर डोळ्यांसमोर दिसत होते, आणि मोटारीच्या पलीकडे अर्जुना परतीचे ओझे बांधीत होता.

"अण्णा," पंत म्हणाले, "आम्ही चौघांनी खाल्लं ते अर्जुनाच्या घरचं. आम्हाला एक कुणी केलं असेल तर त्यानं केलं, आणि तो अर्धपोटी राहिला."

सिद्धाप्पांनी लिंग छातीशी धरिले. भाऊसोंनी पोट धरिले. सुभेदारांनी तोंडात शिट्टी घेतली पण वाजेना. अण्णासाहेबांनी क्षणभर मनसुबा केला की, आपली हळद देवळांत जाते, लग्नांत जाते, आणि महाराची भाकरी खाल्लेला मुखत्यार नेमिला तर ती कोण घेईल. मग हुकूम जाहला की, इस्लामपूरची मुखत्यारी मेहुण्यांस द्यावी, कारण त्यांनी वाटेत मोटारीत बसोन फक्त पुरीभाजी खाल्ली आहे. अर्जुनाने ओझे उचलिले. डेग मात्र पंतांनी आपल्या डोक्यावर घेतली.

सिद्धाप्पा आणि भाऊसो यांनी सांगलीस पोहोचताच आपापले पोट गुप्त ठेविले आणि पंतांचे मात्र पेठभर केले. दादासाहेबांनी त्याच सायंकाळी फर्मान काढिले की, चिंतामणाने पंक्तीस बसो नये, स्वयंपाकघरात पाऊल घालो नये, प्रायश्चित्त होईतो त्याने व त्याच्या कुटुंबाने मागील पडवीत निराळे शिजवोन खावे. भटजींस बोलावू धाडिले आणि येत्या सोमवारी प्रायश्चित्त उरकावे ऐसे ठरले. पंत मान खाली घालोन पडवीत आले आणि मुखत्यारी गेली म्हणोन सांगते जाहले.

गोदावरीबाई चूल सारवीत होत्या. त्यांनी हात न थांबविता विचारले, "भटजींना सोमवार कुणी सांगितला? प्रायश्चित्ताला एवढी घाई कशाला? चांगला मुहूर्त बघू की, सावकाश."

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. हे लिहितेसमयी दोन पौष उलटले, सोमण घराण्यातील विद्वान अद्याप मुहूर्त शोधीत आहेत, आणि जो मुहूर्त निघतो त्यात गोदावरीबाईसाहेबांस काही ना काही दोष सापडतो. सही, शिक्का, मुक्काम मागील पडवी.