शिळेवरचा दुसरा धडा

मुलांनो, मोबाइल खाली ठेवा आणि इकडे बघा. एका जंगलात, जिथं सरकार सिंहाचं होतं आणि पाणी नशिबाचं, डोंगरावर एक तुडुंब भरलेलं धरण होतं. पायथ्याला एक तळं होतं आणि ते आटत चाललं होतं.

धरणाचं दार एका यंत्राच्या ताब्यात होतं. यंत्राला फक्त स्वतःची भाषा कळे. त्या भाषेत ओळीखाली ओळ आज्ञा द्यावी लागे. एक टिंब चुकलं की यंत्र रुसून बसे.

ही भाषा एका म्हाताऱ्या हत्तिणीला येत होती. मरण्यापूर्वी तिनं ती यंत्राशेजारच्या शिळेवर कोरून ठेवली. पहिला धडा, यंत्राकडून 'नमस्कार, जंगल!' म्हणवून घेण्याचा. दुसरा, दार उघडण्याचा. अक्षर बारीक, चित्र एकही नाही.

उन्हाळा चढला. सिंहानं सभेत विचारलं, "यंत्राची भाषा कोण शिकतंय?"

नरहरी उदमांजरानं हात वर केला. त्याची बोटं नाजूक होती, डोकं तल्लख होतं आणि घरी पिल्लं तहानलेली होती.

तो शिळेपुढे बसला. पहिला धडा वाचून त्यानं बटणं दाबली. यंत्र घोगऱ्या आवाजात म्हणालं, "नमस्कार, जंगल!" नरहरीच्या अंगावर शहारा आला. मग त्यानं दुसऱ्या धड्याची पहिली ओळ वाचली आणि त्याला जांभई आली.

"मजकूर चांगला आहे," घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "पण फार रुक्ष. मन लागेल असं काहीतरी शोधायला हवं."

भागीरथी पिल्लांना ओलसर मुळं चोखायला देत होती. "मन मागाहून लावा. आधी दार उघडा."

"अगं, शिकण्यात गोडी नको का?"

"पिल्लं पाणी मागताहेत हो. गोडी कोणी मागितली?"

पण नरहरी शोधाला निघाला होता. जांभळीवर वानर वर्ग घेत असे. "मित्रांनो, फळं खाता खाता भाषा शिका!" पोपट डुलकी घेता घेता शिकवी. मोर तर आज्ञा नाचून दाखवी. नरहरी सगळ्यांकडे गेला. प्रत्येक गुरू पहिल्या धड्यापासून सुरुवात करी, कारण त्याला टाळ्या पडत. दुसऱ्याची वेळ आली की गुरू म्हणे, "ते काय, सवयीनं येतं." आणि नरहरीला वाटे, पलीकडच्या झाडावर याहून मजेदार शिकवत असतील.

हळूहळू सारं जंगल या नादाला लागलं. ससे आले, तरस आले, रानडुकरं सहकुटुंब आली. दिवसभर यंत्र ओरडत राही, "नमस्कार, जंगल! नमस्कार, जंगल!" कोल्ह्यानं आपल्या वर्तमानपत्रात ठळक मथळा दिला, 'जंगल झाले यंत्रसाक्षर'. बातमी लिहिताना त्यानं तळ्याकडे पाहिलं नाही. तळं जाहिरात देत नव्हतं.

चिखलात अडकलेल्या बेडकीनं एकदा नरहरीला हटकलं, "भाऊ, तुम्हाला ती भाषा येते ना?"

"ती कुठं शिकावी, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही," नरहरी म्हणाला. ते खरंच होतं. कोणाचा आवाज गोड, कोणाची फांदी बसायला ऐसपैस, सगळं त्याला तोंडपाठ होतं. सल्ला विचारायला त्याच्या ढोलीपुढे रांग लागे.

सिंहानं त्याला बोलावून घेतलं. "नरहरी, त्या शिळेचं काय करायचं?"

"महाराज, शिळा उत्तम आहे. आकर्षक नाही एवढंच. जरा रंग हवा, चित्रं हवीत."

"वा! कामाला लागा," सिंह म्हणाला. चुना आणि गेरू घेऊन वानरसेना निघाली. जंगलात सरकारी काम वेळेवर पूर्ण होण्याची ती पहिलीच खेप.

मग एका सकाळी धाकटं पिल्लू उठेना. भागीरथीनं ते नरहरीपुढे आणून ठेवलं.

नरहरी धावत सुटला. गोडी नको, गाणी नकोत, नाच नको. दुसरा धडा, जांभया देत का होईना, वाचायचा. तो धापा टाकत शिळेपाशी पोचला.

शिळेवर मोर नाचत होता. त्याचा पिसारा बरोबर दुसऱ्या धड्यावर फुलला होता. कोरलेल्या अक्षरांत चुना गच्च बसला होता. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मा. नरहरी यांच्या प्रेरणेतून'.

त्यानं नखांनी खरवडलं. जुन्या, ठिसूळ दगडाचा पापुद्रा सुटला आणि चुन्याबरोबर अक्षरंही निघून आली.

"छान झालंय ना, सर?" फांदीवरून वानरानं विचारलं. "आता वाचायचीसुद्धा कटकट नाही!"

नरहरीनं आठवतील तशी बटणं दाबली.

"नमस्कार, जंगल!" यंत्र म्हणालं.

त्याच संध्याकाळी सगळे पाण्याच्या शोधात डोंगरापलीकडे निघाले. कोल्ह्यानं 'ऐतिहासिक अभ्यासदौरा' असा मथळा दिला. भागीरथी पुढे चालत होती. तिच्या तोंडात अजून धुगधुगी असलेलं धाकटं पिल्लू होतं, म्हणून नरहरी बोलणी खाण्यापासून थोडक्यात बचावला. वाटेत त्याला वानरानं गाठलं. "सर, पलीकडे एक सांबर आहे म्हणे. फार रंजक शिकवतं."

नरहरीचे कान टवकारले. भागीरथीनं मागे वळून पाहिलं. कान खाली आले.

मागे जंगल रिकामं पडलं. धरण काठोकाठ भरलेलं होतं. एखादं वाळकं पान बटणावर पडे आणि यंत्र आता सवयीनंच, आदबीनं म्हणे, "नमस्कार, जंगल!"

तात्पर्य : रुक्ष धड्याच्या वाटेला कधीही जाऊ नये. मनासारखा गुरू मिळेपर्यंत शोध चालू ठेवावा. तोवर तहानेनं जीव गेलाच, तर कंटाळ्यानं गेला नाही एवढं समाधान राहतं.