फिशटँकमधली नोकरभरती

सासरे थोरल्या लेकीकडे महिनाभर राहायला निघाले, तेव्हा दारात जावयाला एकच वाक्य बोलले. “फिशटँककडे लक्ष ठेवा.” जावयाने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवलं. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

लक्ष ठेवणं त्याला भागच होतं. नव्या फ्लॅटचं काम रखडल्यामुळे तो बायकोसकट सासऱ्यांकडे राहत होता, आणि या व्यवस्थेला सासऱ्यांनी आजवर ना हो म्हटलं होतं ना नाही. ते नुसते गप्प असायचे. जावई एका कंपनीत माणसं निवडण्याच्या खात्यात होता. असल्या गप्प बसण्याचा अर्थ त्याला चांगला ठाऊक होता, कारण उमेदवारांसमोर तो स्वतःच तसा बसायचा.

टाकीत गप्पी होते, मोली होत्या आणि सगळ्यांच्या वरच्या हुद्द्यावर सासऱ्यांच्या लाडक्या बाईसाहेब. म्हणजे पत्त्यासारखी चपटी, चंदेरी एंजलफिश.

“खाली उरलेलं खाणं कुजतंय,” जावई बायकोला म्हणाला. “काचही हिरवी पडलीय.”

“बाबांना फोन कर.”

“काय सांगू? तुमची पाठ वळली आणि इथे सडायला लागलं?”

“मग दुकानात जा. घाण खाणारे मासे मिळतात.”

जावयाचा जीव भांड्यात पडला. जागा रिकामी आहे, माणूस भरायचा. एवढं तर त्याला येत होतं.

दुकानात त्याने काचेला चिकटून शेवाळ खाणाऱ्या सकर माशाची रीतसर मुलाखत घेतली.

“स्वभाव कसा आहे?”

“गरीब गाय,” दुकानदार म्हणाला.

“आधीची जागा का सोडली?”

दुकानदाराने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. “मालकांची बदली झाली.”

“चारचौघांत मिसळतो?”

“साहेब, तुम्ही आल्यापासून त्याने काचेवरून तोंड तरी उचललंय का?”

हे जावयाला फार भावलं. मुलाखतीला सगळेच असे वागतात, हे त्याला दुकानात आठवलं नाही.

सकरने दोन दिवस काच चाटली. मग त्याला बाईसाहेब दिसल्या. चपट्या माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर शेवाळापेक्षा चविष्ट असतो, असं त्याचं मत पडलं आणि तो त्यांच्या कुशीला जाऊन चिकटला. बाईसाहेब त्याला घेऊन टाकीभर सैरावैरा धावल्या. जावयाने जाळीने त्याला सोडवून बाथरूममधल्या बादलीत टाकलं. बाईसाहेबांनी मात्र त्या दिवसापासून खाणं सोडलं आणि टाकीतल्या हीटरमागे जाऊन बसल्या.

“काच राहू द्या, तळाला माणूस द्या,” जावई दुकानदाराला म्हणाला. “आणि कुणाला चिकटणारा नको.”

दुकानदाराने मिशावाले छोटे कोरी दाखवले. ते एकेकटे जगत नाहीत, म्हणून घोळकाच घ्यावा लागला. घोळका मोठा झाल्यावर उरलेलं पुरेना, म्हणून तळाशी बुडणाऱ्या गोळ्या टाकाव्या लागल्या. कोरी जेवढं खायचे त्याहून जास्त उरायला लागलं. ते संपवायला गोगलगायी आणल्या. गोगलगायींनी काम नीट केलं, पण रोज नातेवाईक भरती करायला सुरुवात केली. त्या आवरायला लोच नावाचा मासा आणला. लोचने गोगलगायींचा फडशा पाडला आणि मग रिकामपणी गप्पींच्या शेपट्या कुरतडायला घेतल्या. तोही बादलीत गेला. एकमेकांशी पटत नसल्याने दोघांना वेगळ्या बादल्या लागल्या.

“मला अंघोळ करायचीय,” बायको बाथरूमच्या दारातून म्हणाली. “निळ्या बादलीत कोण आहे आत्ता?”

“सकर. तुझी हरकत नसेल तर...”

“आहे.”

सासरे परतायच्या दिवशी टाकीची दशा आधीपेक्षा वाईट होती. बाईसाहेब हीटरमागून हलत नव्हत्या. आणखी कुणाला नेमायची जावयाची हिंमत उरली नव्हती. त्याने बाही वर केली, स्पंज घेतला आणि हात पाण्यात घातला. काच घासून झाली, नळीने तळाची घाण ओढून झाली. बाईसाहेब हळूच बाहेर आल्या आणि त्याच्या मनगटावरचे केस ओढून पाहू लागल्या.

“बाथरूममध्ये कोण आहेत ते?” मागून आवाज आला.

“बाबा! तुम्ही संध्याकाळी येणार होतात.”

“हातपाय धुवायला गेलो होतो. बादल्यांत कोण आहे?”

“स्टाफ,” जावयाच्या तोंडून निघून गेलं. मग त्याने कपाळावरचा घाम कोरड्या हाताने पुसत सगळं सांगितलं, गोगलगायींसकट.

सासऱ्यांनी स्टूल ओढलं. “आणि घासतंय कोण?”

“मीच.”

“तुम्ही कुणाला चिकटता?”

“नाही.”

“वेगळं खाणं लागतं?”

“घरात असेल ते चालतं.”

“घोळक्याशिवाय करमत नाही, असं काही?”

जावयाने स्वयंपाकघराकडे पाहिलं. “एक बायको पुरते.”

सासरे गप्प बसले. जावयाचा हात अजून पाण्यातच होता आणि बाईसाहेब बोटांमधून फिरत होत्या.

“बादलीतले आणि तळातले, सगळे दुकानात परत करा,” सासरे शेवटी म्हणाले. “तुम्ही राहा.”

आतून बायकोच्या हातातलं भांडं पडल्याचा आवाज आला. जावयाने हात टाकीतून बाहेर काढला.

“काढताय कशाला?” सासरे म्हणाले. “डावा कोपरा हिरवाच आहे.”