इस्त्री केलेला समुद्र

बैठकीच्या खोलीत भिंतीला ओल आली होती आणि तिच्यावर काहीतरी टांगून ती झाकायची, एवढंच मास्तरांनी ठरवलं होतं. यात कोणाचं काय बिघडणार होतं, तुम्हीच सांगा. कॅलेंडर लावलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण कॅलेंडर ओलीपेक्षा लहान निघालं, आणि मास्तरांचं नवं चित्र तिथे बरोबर बसलं. शिंप्याला मापात बसलेली वस्तू पुन्हा काढवत नाही.

मास्तर म्हणजे शिवणकामाचे मास्तर. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, मग दुकान मुलाच्या हाती दिलं आणि ऑइल पेंटच्या ट्यूबा विकत आणल्या. शिकवायला कोणी नव्हतं. (बिघडवायलाही नव्हतं, असं ते म्हणत.) डोळे मिटले की जे दिसेल ते काढायचं. जिना चढणारे बूट, बटणांचा पाऊस, मधोमध उसवलेला चंद्र. शेजारचे चित्रकलेचे सर एकदा म्हणाले, "मास्तर, याला सर्रिअलिझम म्हणतात." मास्तरांचा चेहरा पडला. म्हणाले, "लवकर लक्षात आलंय, म्हणजे बरा होतो ना?"

तर ते भिंतीवरचं चित्र. गुडघाभर पाण्यात एक बाई उभी आहे आणि समुद्राला इस्त्री करते आहे. इस्त्री फिरलेला समुद्र सपाट, कडक. पुढचा अजून चुरगळलेला. एक हात इस्त्रीवर, दुसरा कमरेवर. आणि मानेवर डोक्याच्या जागी चहाची किटली. तिच्या तोटीतून निघालेली वाफ वर जाऊन ढग झालेली.

मास्तरांच्या बायकोला सगळे मास्तरीणबाई म्हणत. त्या नवऱ्याच्या रंगांच्या वासाबद्दल भरपूर बोलत, चित्रांबद्दल अवाक्षरही नाही. आणि या चित्राकडे तर त्यांनी मान वर करून पाहिलंही नव्हतं. ते काम नळ दुरुस्त करायला आलेल्या नळवाल्याने केलं. हातातली पिशवी खाली ठेवत तो म्हणाला, "वा! मावशी काय झकास आल्यात!"

"कुठे आल्यात?" मावशींनी आतून विचारलं.

"चित्रात!"

मास्तरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. आधी चित्राकडे पाहिलं. मग किटलीकडे. मग मास्तरांकडे.

"ही मी?"

"छे! ही कोणीच नाही."

"मग याला कशी ओळखू आली?"

"त्याला नळातलं कळतं गं, चित्रातलं काय कळतंय!"

संध्याकाळी शेजारीण साखर मागायला आली आणि साखर विसरून गेली. "अगंबाई, वहिनी! हुबेहूब!"

"डोकं किटलीचं आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"हो ना, तरीसुद्धा!"

आता खरी अडचण सांगतो. वाचनालयाच्या हॉलमध्ये हौशी चित्रकारांचं प्रदर्शन भरणार होतं आणि चित्रकलेच्या सरांनी खटपट करून याच चित्राला जागा मिळवून दिली होती. मास्तरांचं चित्र आयुष्यात पहिल्यांदा परक्या भिंतीवर लागणार होतं. आनंदाने त्यांना दोन दिवस जेवण सुचत नव्हतं.

"हे घराबाहेर गेलं, तर मीही घराबाहेर," मास्तरीणबाईंनी जाहीर केलं. "बहिणीकडे जाऊन राहीन. सगळ्या जगाने माझं डोकं उकळताना बघायचं की काय?"

मास्तरांनी वाद घातला नाही. (वाद घालून काय होतं हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.) त्यांनी किटली पुसली आणि तिथे फुलांची कुंडी काढली. शेजारीण म्हणाली, "आज वहिनी खुशीत दिसतायत." कुंडी पुसून पक्ष्याचा पिंजरा काढला. नळवाला म्हणाला, "मावशी गप्प का?" शेवटी मास्तरांनी पुन्हा किटलीच काढली, कारण वरचा ढग बिचारा पोरका झाला होता.

"अहो, पण ओळखतात तरी कशावरून?" मास्तरीणबाई रडकुंडीला आल्या.

मास्तर गळ्यात टेप अडकवून चित्रासमोर उभे राहिले. कंबर पाहिली, बाही पाहिली. आणि एकदम म्हणाले, "डावा खांदा!"

"त्याला काय झालंय?"

"उतरता आहे. जरासा. तुझ्यासारखा." कोणाचं माप घ्यायचं हे न ठरवता हात चालवला, की हाताला जे तोंडपाठ असतं तेच उतरतं, हे मास्तरांना त्या क्षणी समजलं. आपण काय बोलून बसलो, हे त्यानंतर समजलं.

"माझा खांदा उतरता आहे?"

"कळत नाही गं कोणाला. मी ब्लाउजच्या आत डाव्या बाजूला बारीकशी गादी शिवतो ना. पहिल्यापासून."

मास्तरीणबाई कपाटाकडे गेल्या. एका ब्लाउजचा खांदा चिमटीत धरून पाहिला. मग दुसऱ्याचा. मग तिसऱ्याचा. आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मला वाटत होतं, मी सरळ आहे."

"सरळच आहेस. मी शिवलंय ना."

त्यांनी ब्लाउज कपाटात ठेवून दिला. मग चित्राकडे बोट दाखवलं. "हिलाही सरळ करा. मग न्या कुठे न्यायचं ते."

मास्तरांनी खांदा वर उचलला. ब्रश जड झाला होता, पण उचलला. सकाळी ओलं चित्रच हॉलमध्ये गेलं. (ऑइल पेंटला घाई कळत नाही.)

हॉलमध्ये बरीच गर्दी होती. मास्तरीणबाई आल्या, पण खांबाआड उभ्या राहिल्या. एक चष्मेवाले गृहस्थ चित्रासमोर थांबले आणि बरोबरच्याला म्हणाले, "सैनिक आहे. खांदे बघा. युद्ध संपल्यावर समुद्र शांत करतोय." एका बाईंना तो शाळेतला कवायतीचा शिक्षक वाटला. शेजारीण आली, "कोण हो हे गृहस्थ?" असं विचारून पुढे गेली. नळवाला तर केसबीस विंचरून आला होता. त्याने चित्र पाहिलं, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "मास्तर, आमच्या मावशींचं चित्र कुठे गेलं?"

मास्तर आनंदाने खांबाआड गेले. "बघ! एकानेही ओळखलं नाही!"

"शेजारणीनेसुद्धा नाही," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"नाही म्हणजे नाही!"

"गृहस्थ म्हणाली मला." त्यांचा आवाज जरा वेगळाच लागला. मास्तरांनी वळून पाहिलं, तर बाईंचे डोळे भरलेले. "ब्रश आणलाय?"

"नाही गं."

"बोट तरी आणलंय ना?"

"एवढी माणसं आहेत!"

"मी आड उभी राहते."

आणि त्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून. मास्तरांनी त्यांच्या मागे सरकून अंगठा टेकवला आणि तो ओला खांदा हळूच खाली ओढला. खांदाही जणू वाटच पाहत होता. पटकन आला.

"आल्या!" नळवाला ओरडला. "मावशी आल्या!"

माणसं गोळा झाली. चित्राकडे पाहत, मास्तरीणबाईंकडे पाहत, पुन्हा चित्राकडे पाहत. शेजारीण म्हणाली, "मी कधीचं म्हणतेय!" चष्मेवाले म्हणाले, "बाईच आहे. मीही तेच म्हणत होतो." मास्तरीणबाई लाजल्या, पण कमरेवरचा हात काही त्यांनी काढला नाही.

एवढ्यात हॉलचे व्यवस्थापक धावत आले. "चित्राला बोट कोणी लावलं? हा बघा ठसा! चित्रकाराला काय तोंड दाखवू मी?" मग त्यांना रंगलेला हात खिशात घालून उभे असलेले, गरीब चेहऱ्याचे मास्तर दिसले. "काका, तुम्ही रिकामेच दिसताय. ही खुर्ची घ्या, इथे बसा आणि कोणाला हात लावू देऊ नका. म्हाताऱ्यांवर विशेष लक्ष ठेवा."

मास्तरांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

"बसा की," मास्तरीणबाई म्हणाल्या. "आणि हात खिशातच राहू द्या. पँट तर गेलीच आहे, शर्ट तरी वाचवा."