पंजू मुलाखतीला निघतो

नऊ वाजून दहाची ओरत्तनाडूची बस गेली तेव्हा मी मागच्या न्हाणीघरात आतून कडी लावून पालथ्या बादलीवर बसले होते. बसचा हॉर्न कोपऱ्यावरून न्हाणीपर्यंत ऐकू येतो. पंजू पुढे माझ्या ओट्यावर होता, मांडीवर फाईल, डोक्यावर तेल. मुलाखत साडेदहाला होती. चौदा महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी आपणहून पत्र पाठवून त्याला बोलावलं होतं.

"अक्का, एकदा बाहेर या. मग निघतो," तो पुढून म्हणाला.

मी हलले नाही.

पंजू म्हणजे पंचनदराव. वय एकोणपन्नास. सात वर्षांपूर्वी त्याची आई गेली, तेव्हापासून माझ्या घराच्या दुसऱ्या अर्ध्यात भाड्यानं राहतो. लग्न नाही. का नाही विचारलं तर म्हणतो, "पत्रिका सात जुळल्या, माणसं जुळली नाहीत."

तंजावुरात प्रत्येक भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असतं. त्या पानावर राहुकाळ असतो, आज कोणत्या दिशेला जाऊ नये ते असतं, आणि जाणं भागच असेल तर काय उपाय करावा तेही असतं. ही पानं जिथं छापत, त्या प्रेसमध्ये पंजू बावीस वर्षं प्रुफं तपासायला होता. मग मालकाचे मुलगे शिवकाशीहून तयार कॅलेंडरं मागवायला लागले आणि प्रेसला कुलूप लागलं. निरोपाला पंजूला भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते तिसऱ्या दिवशी बंद पडलं. त्यानं ते उघडून दुरुस्त केलं आणि मला दिलं. घरात दोन घड्याळं कशाला, म्हणाला.

बाकीचे लोक ती पानं भीतीनं पाळतात. पंजू इमानानं पाळतो. स्वयंपाक्यानं आपण केलेलं आपणही जेवावं, तसं. गुरुवारी दक्षिणेला जायचं तर उपाय तेलाचा. लोक बोटभर लावतात, पंजू पळीभर. त्याच्या फाईलवर इतके डाग आहेत की अर्ज तळून आणल्यासारखे दिसतात.

एका बुधवारी तिरुवैयारूच्या एका शाळेत कारकुनाची जागा होती. बुधवारी उत्तरेला जायचं तर दूध. हा दूध पिऊन वेळेवर गेला. तिथं त्याला फॉर्म दिला बारा वाजून पाच मिनिटांनी. बुधवारी बारा ते दीड राहुकाळ. पंजूनं फॉर्म सगळा भरला, पण सही करेना. पेन उघडं धरून घड्याळाकडे बघत बसला. एक वाजता ऑफिस जेवायला उठलं. शिपाई म्हणाला, सार, सही तरी करा. हा म्हणाला, अर्धा तास थांबा. शिपायानं खोलीला कुलूप लावलं. येताना बसमध्ये पंजूनं दीड वाजता त्या फॉर्मवर सही केली आणि घरी घेऊन आला.

"गाढव आहेस," मी म्हटलं.

"सरी, गाढव तर गाढव, अक्का. पण सही चांगल्या वेळेला झाली."

बेकारीत जे शिकला ते तो मला येऊन सांगतो. मी कॉफी देते, तो धडा देतो, आणि शेवटी म्हणतो, "हे कोणी छापत नाही." 'कळवतो' म्हणाले की कळवत नाहीत. ज्यांना कळवायचं असतं ते फोन नंबर दोनदा विचारतात. वय सांगताना हसू नये, हसलं की वय जास्त वाटतं. आणि नोकरी गेलेल्या माणसाला वेळ असतो ही अफवा आहे. हे शेवटचं मी स्वतः पाहिलं. त्याची नोकरी गेल्याच्या आठवड्यातच गल्लीनं त्याला कामाला लावलं. कोणाचं रेशन, कोणाचा सिलिंडर, समोरच्या राधाबाईच्या मिक्सीचं पातं. कलेक्टरलासुद्धा इतकी कामं नसतील.

"तू 'नाही' का म्हणत नाहीस?" मी विचारलं.

"काय सांगू? काम आहे म्हणून?"

कॉफीचा घोट घेऊन तो म्हणाला, "नोकरी होती तेव्हा लोक विचारायचे, कसा आहेस. आता विचारतात, काही झालं का. कसा आहेस विचारायचंच सोडलं सगळ्यांनी. हे कोणी छापत नाही, अक्का."

मीही त्याला 'काही झालं का' असंच विचारत होते. त्यानंतर सोडलं.

आता न्हाणीघराचं सांगते. मी एकतीस वर्षं विधवा आहे. कोणी चांगल्या कामाला निघालं की विधवेनं समोर येऊ नये, ही रीत मला कोणी सांगावी लागत नाही. गल्लीत कोणाची वरात निघाली, कोणी परीक्षेला निघालं, की मी आपली मागे जाते. त्याचं मला रडू येत नाही. ऊन आलं की माणूस सावलीत सरकतो, तसं ते.

पण पंजूचं उलटं. ज्याला राहुकाळ चालत नाही, दक्षिण चालत नाही, तो माणूस दर मुलाखतीला आधी माझ्या दाराशी येऊन उभा राहायचा. मी बाहेर येऊन दिसेपर्यंत पाय उचलायचा नाही. मला वाटलं, विसरतो. प्रुफं पाहून पाहून डोळे गेले असतील.

राधाबाई विसरली नव्हती. नवरा आहे, कपाळावर रुपयाएवढं कुंकू आहे, मनानं वाईट नाही. आदल्या दिवशी दारातल्या कोलमचं, म्हणजे रांगोळीचं, पीठ घेऊन आली आणि म्हणाली, "तुळसा, राग मानू नकोस. अकरा मुलाखती झाल्या. अकराही वेळा निघताना कोणाचं तोंड पाहिलं त्यानं? तूच सांग."

मी मोजलं. अकराच होत्या.

पंजूच्या भावाचं होसूरला दुकान आहे. त्यानं बजावलं होतं की पोंगलपर्यंत नोकरी लागली नाही तर घर सोडायचं आणि दुकानात येऊन बसायचं. पंजूला होसूर नको होतं. तिथं भावजय तोंडानं 'अण्णा' म्हणते आणि त्याचं जेवणाचं ताट बाहेर ठेवते. पोंगलला महिना उरला होता. म्हणून मी त्या गुरुवारी न्हाणीत जाऊन बसले.

पुढून राधाबाईचा आवाज आला. "ती देवळात गेली रे. तू जा."

"चपला इथे आहेत."

"देवळात अनवाणी जातात."

"अक्का फाटकापर्यंतसुद्धा अनवाणी जात नाहीत. गुडघा दुखतो." आणि तो बाजूच्या बोळातून मागे आला. दारावर बोटानं वाजवलं.

"अक्का, पडलात का?"

"नाही."

"पोट?"

"पोट ठीक आहे. तू जा. पुढची बस पावणेदहाला आहे."

"कडी काढा."

"पंजू, मी समोर आले की काय होतं ते तुझ्याच कॅलेंडरच्या मागे छापलं आहे. शकुनांची यादी. विधवा समोर आली तर काम नासतं. वाचलं नाहीस?"

बाहेर चपला सरकल्या. मला वाटलं गेला.

"ती ओळ मीच घातली," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"यादीखाली एका ओळीची जागा उरली होती. मालक म्हणाले, भर काहीतरी. मी घरी येऊन आईला विचारलं. तिनं सांगितलं, मी घातली."

"तुझी आई तर..."

"हो. बाबा आधीच गेले होते. मी प्रेसच्या मुलाखतीला निघालो तेव्हा ती अशीच परसात जाऊन बसली. नोकरी लागली. मग तिची खात्रीच झाली. त्यानंतर रोज सकाळी मी निघायच्या आधी ती मागे जायची. ताप असला तरी. सोळा वर्षं, अक्का. मी पुढच्या दारातून 'येतो' म्हणायचो, आणि मागून एक भांडं वाजायचं. तेवढाच जबाब. संध्याकाळी यायचो तेव्हा दारात असायची. जाताना कधी नाही."

मी कडीवर हात ठेवला.

"ती ओळ दर वर्षी प्रुफात माझ्यासमोर यायची. काट मारायला किती वेळ लागतो? मारली नाही. ती गेल्यावरही मारली नाही. तुमच्याकडे राहायला आलो, त्या पहिल्या दिवशी कामावर निघताना तुम्ही दारात उभ्या होतात. दूधवाल्याशी भांडत होतात. मला म्हणालात, छत्री घे."

मला ते आठवतही नव्हतं. मी कडी काढली. बादलीवर बसून गुडघा आखडला होता. त्यानं हात दिला. हात इतका तेलकट होता की मी घसरून पुन्हा आतच गेले असते.

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "येतो, अक्का."

"ये. पळ."

पळाला. पावणेदहाची बस मिळाली, पण तिथं पोचायला अकरा वाजले. जागा साडेदहाला वेळेवर आलेल्या माणसाला मिळाली होती. पंजूला 'कळवतो' म्हणाले.

राधाबाई म्हणाली, "पाहिलंस? शेवटी तुझंच तोंड पाहून गेला."

मी म्हटलं, "तोंड पाहून नाही गेली नोकरी. पाहायला मिळायला उशीर झाला म्हणून गेली. मी दारात असते तर नऊ दहाची बस मिळाली असती." विधवा समोर आल्यानं काम नासतं म्हणतात. हे समोर न आल्यानं नासलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी तोंडावर बोलले असते, म्हणून स्वतःचंही लिहून ठेवते. पंजूनं मात्र त्याबद्दल एक शब्द काढला नाही. संध्याकाळी कॉफी प्यायला आला, पण धडा सांगितला नाही.

पोंगलपर्यंत दुसरं पत्र आलं नाही. सण झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ऑटो आली. दोन ट्रंका, एक गादी, जुन्या कॅलेंडरांचा गठ्ठा. सगळी गल्ली बाहेर आली. ज्यांची रेशनं त्यानं आणली होती ते सगळे. राधाबाई पाण्यानं भरलेली कळशी घेऊन वाटेत उभी राहिली, त्याचं चांगलं व्हावं म्हणून. खरंच तिच्या मनात तेच होतं.

मी काठी घेतली, पायऱ्या उतरले, राधाबाईच्या पुढे गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. राधाबाईनं कळशी कमरेच्या दुसऱ्या बाजूला घेतली, एवढंच.

पंजूनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"येतो, अक्का."

"ये. तिथं भावजयीला ताटाचं सांग. आत बसून जेवीन म्हणावं."

"सरी," तो म्हणाला, आणि ऑटोत बसला.

त्याच्या समोर उभी होते ती मी. तुळसाबाई, वय शहात्तर, पाचवी पास, एकतीस वर्षं विधवा.