गुलाबभाऊंची बारा तासांची मागणी

चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या मूल या गावातल्या गुलाबभाऊंच्या स्कूटरच्या डिकीत कायम एक शाल आणि एक नारळ असतो. मंत्री कधी, कुठल्या रस्त्यानं जाईल याचा नेम नाही, अशी त्यांची समजूत. मोठी पांढरी गाडी चहाला थांबली, की भाऊ धावत जातात, दिसेल त्याच्या खांद्यावर शाल टाकतात, हातात नारळ देतात आणि तो सावरायच्या आत निवेदन पुढे करतात. एकदा असा सत्कार मंत्र्याच्या ड्रायव्हरचाच झाला. तो बिचारा इतका गहिवरला, की त्यानं निवेदन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. भाऊंच्या दुसऱ्या कुठल्या निवेदनाचं एवढं भाग्य उजळल्याचं मला आठवत नाही.

भाऊ तालुक्यातल्या राईस मिल मालक संघाचे अध्यक्ष. संघाला उपाध्यक्षही आहेत, पण ते भाऊंशी बोलत नाहीत. सचिव मी. माझी मिल नाही, बसस्टँडसमोर टायपिंगचं दुकान आहे. टाइप करणाऱ्यालाच सचिव केलं की काम फुकटात होतं, हे भाऊंचं व्यापारी डोकं.

"याच्यावर शासनाचं धोरण पायजे!" हे त्यांचं पालुपद. डास चावला तरी धोरण, वरण अळणी झालं तरी धोरण. मोहाच्या दिवसांत मिलवरची माणसं पहाटे जंगलात फुलं वेचायला जातात आणि कामावर उशिरा येतात. भाऊंनी थेट वनखात्याला हाक घातली.

"लिवा सचिव! मोह पहाटे पडल्यानं उद्योगाचं नुसकान होऊन राह्यलं. तरी तो दुपारी पाडण्याबाबत योग्य ते आदेश व्हावे."

"भाऊ, झाड आदेश मानते का?"

"वनखात्याचं झाड हाय ना? मंग?"

मी मुकाट्यानं टाइप केलं. अध्यक्षांपुढे सचिवाचं काही चालत नाही.

मग एक दिवस त्यांनी बातम्यांत ऐकलं, की मोठ्या शहरांतल्या कारखानदारांच्या संघटना सरकारकडे कामाचे तास वाढवून मागतायत. "ते बारा तास मागून राह्यले, तं आपुन काऊन मागं राहाचं?" ही मागणी मात्र त्यांनी जिवाला लावून घेतली. चंद्रपूर झालं, नागपूर झालं, पुढाऱ्यांच्या घरी मिलचा नवा तांदूळ पोचला. झोपेतसुद्धा ते "बारा, बारा" म्हणत असावेत.

त्यांच्या मिलवर माणसं दोनच, पार्वताबाई आणि देवाजी. पार्वताबाई एकदा माझ्या दुकानात आली. "दादा, भाऊचं आयकून सरकारनं खरंच तास वाढवले, तं मी सैपाक कवा करू? लेकरायले कवा पाहू?" त्या दिवशी मला भाऊंचा चांगलाच राग आला.

शेवटी चंद्रपूरहून कामगार खात्याच्या एक मॅडम मिल बघायलाच आल्या. "मशीन किती वाजेपर्यंत चालतं?" त्यांनी विचारलं. भाऊ उत्पादन, देश, प्रगती असं काहीबाही बोलू लागले, तेव्हा मॅडमनी पार्वताबाईकडे पाहिलं.

"चारलेच बंद होते जी. धानच नाई आता. मंग भाऊ आमाले कोंडा झाडाले लावतेत."

"आणि झाडून झाल्यावर?"

"मंग ते पुन्हा सांडवतेत."

"काल तं पोतंच उलटं केलं," देवाजी म्हणाला. "आमी झाडून राह्यलो, अन् भाऊ खुर्चीवर बसून लहानपनच्या गोष्टी सांगून राह्यले."

मॅडमना हसू आवरेना. मलाही आवरेना. हसता हसता त्यांनी सहज विचारलं, "भाऊ, घरी कोण कोण असतं?"

"घर हाय," भाऊ म्हणाले. "मानूस नाई."

माझं हसू तिथंच थांबलं. वहिनी वारल्या, मुलगा पुण्याला गेला, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. संध्याकाळी मिलला कुलूप लावल्यावर भाऊ कुठे जातात, याचा विचार मात्र कुणीच केला नव्हता.

पार्वताबाई मात्र भडकली. "अन् त्याच्यासाठी कायदा बदलवाले निंगाले का तुमी? बसा म्हनलं असतं, तं घडीभर बसलो असतो ना! नाई तं माह्या घरी जेवाले याचं. घासभर भात का कमी पडते?"

भाऊ खाली मान घालून कोंड्यात पायाच्या अंगठ्यानं रेघा ओढत राहिले.

"मंत्र्याले मागाची मले सवय हाय, बाई," शेवटी ते म्हणाले. "आपल्या मानसाले कसं मागतेत, ते मले येत नाई."