दिवाकर पुन्हा नवीन लागतो

आमच्या सूतगिरणीत दिवाकर दरवर्षी नव्याने लागतो आणि दरवर्षी माझ्याशी नव्याने ओळख करून घेतो.

"नमस्कार जी. मी दिवाकर, रामाकोन्याचा. आजच लागलो. चहा कुठी भेटते?"

मी गिरणीत लागलो तेव्हा चहा कुठे मिळतो हे मला त्यानेच दाखवलं होतं. पण करार संपला की ठेकेदार त्याला आठवडाभर घरी बसवतो आणि नवा माणूस म्हणून परत घेतो. पगारही नव्याचाच.

"पगार नव्याचा, तर वागणंही नव्याचंच पायजे ना भाऊ," म्हणतो, आणि दिवसभर मला मशीनची बटणं विचारत राहतो. मीही सांगतो. पर्मनंट माणसाला शिकवायला फार आवडतं.

जातानाही तोच थाट. मशीन पुसायचं, सगळ्यांच्या पाया पडायचं, "काही चुकलं असन तर माफ करजा." एकदा वॉचमन रडला. तो बिचारा खरंच नवीन होता.

आमचं मशीन एक, पाळी एक. पगार माझा दुपटीहून जास्त. मला वाढ दरवर्षी मिळते; काम तेवढंच, पोट सुटल्यापासून जरा कमीच.

यंदा त्याला घरी बसवलेल्या आठवड्यातच मी एका लग्नाला रामाकोन्याला गेलो आणि संध्याकाळी त्याच्या घरी डोकावलो. दिवाकर अंगणात हात धूत होता. कोणाच्या तरी बगीच्यात संत्री तोडून आला असावा, अंगाला तसा वास होता. पण अंगात गिरणीची वर्दी.

"आत्ताच ड्युटीवरून आला," त्याची म्हातारी आई म्हणाली.

मी तोंड उघडलं. दिवाकरने नुसतं पाहिलं. मी मिटलं.

माझं नाव ऐकून म्हातारी हरखली. "अरे, तूच का तो! हा सांगत असते तुयं. एकाच मशीनवर काम, पण तू ठेक्यावर. दरसाल काढते म्हने तुले."

दिवाकर कोरडे झालेले हात पुसतच राहिला.

"हो माय," मी म्हणालो.

"लेकरं कशी पोसतं रे अर्ध्या पगारात?" तिने पिशवीत तुरीची डाळ भरून माझ्या मांडीवर ठेवली. "काम तेच, तर पैसा काऊन कमी?"

इतक्या वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं. मी पिशवीला गाठ मारत बसलो.

ती लेकाकडे वळली. "तू तं पक्का आहे ना बापा? सायेबाले सांग ना ह्याच्यासाठी."

"सांगतो ना माय," दिवाकर म्हणाला. "दर खेपेले सांगतो."